काट्यांआडचं पाणी

1528 सालच्या नोव्हेंबरात आजच्या टेक्सासच्या किनाऱ्यावर स्पॅनिश लोकांचे हाताने बांधलेले काही तराफे येऊन आदळले. फ्लोरिडा जिंकायला निघालेल्या मोहिमेतले हे उरलेसुरले लोक. त्यांच्यातला आल्वार नून्येस काबेसा दे वाका हा मोहिमेचा खजिनदार. पुढची सहा-सात वर्षं तो तिथल्या भटक्या जमातींमध्ये राहिला. कधी गुलाम म्हणून, कधी फेरीवाला म्हणून, कधी चक्क वैदू म्हणून. 1542 साली छापल्या गेलेल्या त्याच्या वृत्तांतात भूक पानोपानी भेटते. मुळं उकरायची, कोळी, सरडे, मुंग्यांची अंडी, जे मिळेल ते पोटात ढकलायचं. पण वर्षातला एक काळ असा येई की भुकेची आठवणही राहत नसे. उन्हाळ्यात निवडुंगाची फळं पिकू लागली की टोळ्या बिऱ्हाडं उचलून त्या काटेरी रानांकडे निघत आणि सुमारे तीन महिने फळांवरच राहत.

भांडी जवळ नव्हती, म्हणून ते जमिनीत खळगा करून त्यात फळं पिळत आणि खळगा भरला की रस पीत. फळं उकलून वाळवत आणि करंड्यांत भरून वाटेत खायला नेत. सालंही वाया जात नसत, वाळवून त्यांचं पीठ करत. 1534 साली काबेसा दे वाका आणि त्याचे तीन सोबती वेगवेगळ्या टोळ्यांच्या ताब्यातून पळाले, तेव्हा त्यांनी मुहूर्त धरला तो याच हंगामाचा. फळांच्या रानात सगळ्या टोळ्या जमत, म्हणजे चौघांची गाठ पडणार होती आणि पळताना वाटेवर खायलाही मिळणार होतं.

त्या मुलखातलं हे खाणं फार जुनं. पेकोस नदी जिथे रिओ ग्रांदेला मिळते, त्या टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या कोरड्या कपारींमध्ये हजारो वर्षांपूर्वीची माणसाची वाळलेली विष्ठा टिकून राहिली आहे. तिच्यात निवडुंगाचे तंतू आणि बिया सापडतात, आणि सापडतात कॅल्शियम ऑक्झलेटचे डोळ्यांना न दिसणारे खडे. तिथल्या प्राचीन माणसांचे दातही लवकर झिजलेले आहेत. संशोधकांनी दातांवरचे बारीक ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा संशय याच खड्यांवर गेला. दात झिजेपर्यंत खाल्लं जाणारं अन्न म्हणजे ते रोजच्या जेवणातलंच असणार.

ही वनस्पती खाण्याची विद्या समजून घ्यायची तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. पाऊस वर्षातून एकदा-दोनदा येणार, तेव्हा मिळेल तेवढं पाणी पिऊन घ्यायचं आणि पुढचे कित्येक महिने ते सांभाळायचं, असा या झाडाचा संसार आहे. साठवलेल्या पाण्यावर डोळा ठेवणारे पुष्कळ, म्हणून काटे. पाणी उडून जाऊ नये म्हणून आत बुळबुळीत चिकट द्रव. आणि दिवसा अंगाची दारं बंद ठेवता यावीत म्हणून रात्री भरून ठेवलेलं आम्ल. खाणाऱ्याला अडवणाऱ्या तिन्ही गोष्टी, काटा, बुळबुळ आणि आंबटपणा, या एका पाण्यापायी आलेल्या आहेत. माणसाने प्रत्येकीवर वेगळा उपाय शोधला.

त्याआधी एक खूणगाठ बांधायला हवी, कारण चुकलं तर ते जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे निवडुंग या नावाखाली दोन अगदी निराळ्या कुळांची झाडं येतात. त्रिधारी निवडुंग आणि शेर ही एरंडाच्या कुळातली. त्यांची फांदी मोडली की पांढरा चीक वाहतो. तो कातडीला लागला तर फोड येतात, डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते आणि पोटात गेला तर तो विषच आहे. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. कॅक्टसचं कुळ मूळचं अमेरिका खंडांतलं. त्यातल्या एकंदर सुमारे 1,800 जातींपैकी एखाददुसरी आपल्या आपण आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत पोचली, बाकी सगळ्यांना माणसाने जगभर नेलं. खऱ्या कॅक्टसची खूण म्हणजे त्याच्या अंगावरचे डोळे. उसाच्या कांड्यावर जसा डोळा असतो तसा इथे बारीक लव असलेला ठिपका असतो आणि काटे, फुलं, नवे फडे, सगळं त्या डोळ्यातूनच फुटतं. पांढरा चीक दिसला की हात मागे घ्यायचा आणि खाण्याचा विचार सोडायचा.

कॅक्टस म्हणून सगळंच खाण्याजोगं असतं असंही नाही. पेयोटेसारख्या काही जातींत मन भ्रमिष्ट करणारी द्रव्यं असतात. सिनेमातला तहानेला वाटसरू गोल पिंपासारख्या कॅक्टसचा माथा उडवतो आणि ओंजळीने स्वच्छ पाणी पितो, ही तर निव्वळ कल्पना आहे. आत पाण्याचं टाकं नसतं, ओला गर असतो, आणि बऱ्याच जातींचा गर पिळून प्यायला तर मळमळून उलट्या होतात. म्हणजे तहानलेल्याचं होतं नव्हतं ते पाणीही जातं. त्याच पिंपाच्या डोक्यावर येणारी पिवळी, बिनकाट्यांची फळं मात्र निर्धास्त खावीत. आंबट असतात आणि झाडावर महिनोन्‌महिने टिकतात.

खाण्याच्या दृष्टीने कॅक्टसांत पहिला मान ओपन्शियाचा. फड्या निवडुंग याच गटातला. त्याचा जो चपटा हिरवा फडा आपल्याला पान वाटतो ते त्याचं खोड आहे. खरी पानं फक्त कोवळ्या फड्यावर दिसतात, प्रत्येक डोळ्याशी एक, बारीक, मांसल आणि टोकदार. काही आठवड्यांत ती गळून पडतात. तोडणीला निघालेल्याने हीच पानं पाहायची. ती अंगावर आहेत तोवर फडा कोवळा. ती गळाली आणि काटे ताठ झाले की आत तंतू धरला असं समजावं. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हे कोवळे फडे वसंतात येतात. तळहाताएवढा झाला की चिमट्याने धरून सांध्यावर सुरीने कापतात, खालचा जुना फडा तसाच ठेवतात आणि एका झाडाचे दोन-चार फडे घेऊन पुढच्या झाडाकडे जातात. सांध्यावर केलेला काप लवकर सुकतो, झाडाला कुज लागत नाही.

मेक्सिकोत या फड्याला नोपाल म्हणतात, आणि त्या देशाच्या झेंड्यावरच तो विराजमान आहे. खडकावरच्या नोपालवर गरुड बसलेला दिसेल तिथे वस्ती करा, अशा दैवी आज्ञेनुसार अ‍ॅझटेक लोकांनी 1325च्या सुमारास सरोवरातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसवलं, अशी परंपरा सांगते. आजचं मेक्सिको सिटी त्याच जागेवर उभं आहे. शहराच्या दक्षिण टोकाच्या मिल्पा आल्तामध्ये डोंगरउतारांवर नोपालची शेतंच्या शेतं आहेत. शेतातली जात रानातल्या पूर्वजांतून निवडत निवडत घडवलेली, काटे कमी आणि फडे मोठे अशी. रानातला काटेरी फडाही चवीला काही कमी नसतो, त्याला फक्त मेहनत जास्त लागते.

आंबटपणाचं गणित इथे सांगायला हवं, कारण मला या झाडाच्या साऱ्या जीवनक्रमात ते सर्वांत विलक्षण वाटतं. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या उघड्या दारांतून त्यांचं पाणी उडून जातं. वाळवंटाच्या उन्हात असं करणं परवडायचं नाही. म्हणून कॅक्टस रात्री, हवा गार झाल्यावर, रंध्रं उघडतो. पण रात्री सूर्यप्रकाश नसतो, त्यामुळे साखर बनवता येत नाही. मग घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये भरून ठेवतो. कच्च्या सफरचंदाला आंबट करणारं आम्ल ते हेच. पहाटेपर्यंत साठा शिगेला पोचतो. सूर्य वर आला की रंध्रं मिटतात आणि दिवसभर बंद दाराआड ते आम्ल मोडून साखर तयार होते. त्यामुळे एकाच झाडाचा फडा पहाटे तोडला तर आंबट लागतो आणि दुपारी तोडला तर सौम्य. म्हणून भाजीसाठी तोडणी करणारे दिवस उजाडल्यावर दोन-तीन तास थांबतात. ज्याला आंबट हवा त्याने तांबडं फुटताना जावं. प्रयोगशाळेत हे आम्ल मोजलं गेलं त्याच्या कितीतरी आधीपासून ओपन्शिया खाणाऱ्यांच्या जिभेला हा फरक ठाऊक असणार.

मेक्सिकोच्या कुठल्याही मंडईत नोपाल साफ करणाऱ्या बायका दिसतात. एका हातात फडा बुडाकडून धरलेला, दुसऱ्या हातात धारदार सुरी. आधी कड सगळीकडून उतरवतात, कारण कडेला डोळे दाटीने असतात. मग पातं जवळजवळ आडवं ठेवून सपाट अंगावरून सपसप फिरवतात. प्रत्येक फटक्याला दोन-तीन डोळे कातडीच्या पातळ चकतीसकट उडतात आणि मागे फिकट ठिपके राहतात. साल पूर्ण काढायची नसते, फक्त डोळे काढायचे असतात. एक बाजू झाली की फडा उलटा. पाहणाऱ्याची नजर पोचेपर्यंत एक फडा संपून दुसरा हातात आलेला असतो.

चिरल्यावर मात्र गाठ पडते बुळबुळीशी. लांबलचक साखळ्यांच्या शर्करांनी बनलेला हा द्रव पाणी धरून ठेवतो, झाड महिनोन्‌महिने हिरवं राहतं ते त्याच्या जोरावर. भेंडी चिरणाऱ्या प्रत्येक हाताला ही तार ओळखीची आहे आणि उपायही तेच आहेत, कोरड्या आचेवर परतायची किंवा पाण्यात सोडून द्यायची. नोपालच्या पट्ट्या मीठ-कांदा घालून उकळतात. फेस भराभर वर येतो, तेव्हा पातेलं मोठं हवं आणि समोरून हलायचं नाही. मग पाणी ओतून देतात आणि पट्ट्या धुऊन टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून खातात. दुसरी रीत म्हणजे अख्ख्या फड्याला चिरा देऊन तो तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजायचा. बुळबुळ आटून जाते. मला विचाराल तर पहिल्यांदा खाणाऱ्याने भाजूनच खावा, एका घासात मन बदलतं.

100 ग्रॅम फड्यात जेमतेम 16 कॅलरी असतात, बाकी जवळजवळ सगळं पाणी आणि चोथा. कॅल्शियमचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातलं पुष्कळसं ऑक्झलेटच्या खड्यांत अडकलेलं असतं. दात झिजवणारे खडे ते हेच. शरीराला त्यातलं फारसं मिळत नाही आणि मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने हात आखडताच घ्यावा. चोथा आणि बुळबुळ यांचा उपयोग मात्र खरा आहे. अन्नातली साखर रक्तात उतरण्याचा वेग त्यांच्यामुळे मंदावतो.

आता फळं. अ‍ॅरिझोनात ती ऑगस्टच्या आसपास पिकतात, गडद जांभळी-लाल. चिमट्यात धरून किंचित पीळ दिला की पिकलेलं फळ सहज सुटून येतं. जोर लावावा लागला तर ते झाडावरच राहू द्यावं. रंग बीटातल्यासारख्याच द्रव्यांचा असल्यामुळे ओठ, बोटं, कपडे सगळं रंगतं आणि पोटभर खाल्ल्यावर लघवीही लालसर होऊ शकते, त्याने घाबरून जायचं कारण नाही.

फळाचे मोठे काटे दिसतात म्हणून त्यांचं भय कमी. खरा वैरी म्हणजे डोळ्यात पुंजक्याने बसलेली कुसं. केसाहून बारीक, पिवळसर-तपकिरी, नुसत्या स्पर्शाने सुटणारी. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक कुसाला मागे वळलेले दाते दिसतात, म्हणून ते आत शिरतं सहज आणि बाहेर निघत नाही. हात चोळला की आणखी रुततं. बोट तोंडात घातलं तर जिभेत जातं. कुसं काढताना आधी बारीक चिमट्याने दिसतील तेवढी उपसावीत, मग पांढरा गोंद लावून त्यावर जाळीदार कापड बसवावं आणि वाळल्यावर सोलून काढावं. उरलेली त्याबरोबर निघतात. डॉक्टरांनी हा उपाय पारखून पाहिलेला आहे.

कुसं फळावरूनच काढायच्या रीती अनेक आहेत. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या जमाती फळं वाळू-खडीत घोळत, काटक्यांच्या झाडणीने झाडत. आगीवर धरली तर कुसं तडतडून जळून जातात. मोठं फळ असेल तर काट्याचमच्यातल्या काट्याने ते टोचून धरावं, दोन्ही टोकं कापावीत, लांबीने एक चीर द्यावी आणि साल दोन्ही बाजूंना उलगडावी. आतला गर बोट न लागता सुटून येतो. रानातली लहान फळं सोलत बसण्यात अर्थ नसतो. ती धुऊन फ्रीजरमध्ये गोठवतात आणि मग चाळणीत घट्ट विणीच्या कापडावर वितळू देतात. गोठताना पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे रस आपसूक गळतो आणि कुसं कापडात अडकतात. बियांचं मात्र भान ठेवावं. त्या दगडासारख्या कठीण, पचत नाहीत. एका बैठकीत ढीगभर फळं बियांसकट गिळली तर गुदाशयात बियांचा बोळा अडकतो. लहान मुलांना त्यासाठी रुग्णालयात न्यावं लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी भागात रानातल्या कार्दोना जातीच्या फळांचा रस आंबवून कोलोंचे नावाचं पेय करतात, आणि रस आटवून, घोटून त्याच्या वड्या पाडतात. आपल्या शेजारी सौराष्ट्र-कच्छमध्ये हाथला थोराची फळं फिंडला म्हणून विकली जातात आणि त्यांचा लालभडक रस रक्त वाढवणारा म्हणून पितात. महाराष्ट्रातही माळावर गुरं राखणाऱ्या पोरांनी निवडुंगाची बोंडं दगडावर घासून खाल्लेली आहेत. आणि ज्यांनी ती कधी चाखली नाहीत त्यांनीही कॅक्टसचं फळ खाल्लेलं असतं. सांगली-सोलापूरकडे सिमेंटच्या खांबांवर चढवलेलं ड्रॅगन फ्रूट हा कॅक्टसच आहे.

फड्या इथे आला तो खाण्यासाठी नव्हे. कॉचिनील नावाची कीड ओपन्शियावर पोसते. फड्यावर पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसतात, ते चिरडले की बोट किरमिजी होतं. या रंगावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडायला ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयत्न सुरू केले. मद्रासमध्ये कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी सैदापेटला नोपालची बागच लावली. 1795 साली ब्राझीलहून कीड आली ती मात्र दुसरीच निघाली. रंग हलका देणारी आणि झाड खाऊन टाकणारी. रंगाचा धंदा बुडाला, पण तोवर कुंपणांतून माळांवर पसरलेल्या एका जातीच्या निवडुंगाचा त्या किडीने उत्तर आणि मध्य भारतात फडशा पाडला. कीड सोडून तण आवरण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानलं जातं. दक्षिणेत दुसऱ्या जातींनी हजारो एकर जमीन अडवली होती, त्यांच्यासाठी 1926 साली श्रीलंकेहून आणखी एक कीड आणली गेली. आज बोंडं पूर्वीसारखी जागोजागी दिसत नाहीत त्याचं मोठं कारण हे. आता पुण्याजवळच्या उरुळीकांचनला बाएफ संस्थेने बिनकाट्याचा निवडुंग वाढवला आहे, तो कोरडवाहू भागातल्या जनावरांच्या चाऱ्यासाठी.

पण कॅक्टस खाण्याची विद्या तिच्या पूर्ण रूपात पाहायची तर अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातल्या तोहोनो ओओधम लोकांकडे जावं लागतं. पूर्वी बाहेरचे लोक त्यांना पापागो म्हणत. 1986 साली त्यांनी ते नाव अधिकृतपणे टाकून आपलं स्वतःचं नाव घेतलं. त्यांच्या वर्षात कॅक्टसचे दोन मोठे हंगाम येतात.

पहिला एप्रिलमध्ये. हिवाळ्याचा साठा संपत आलेला, नवीन पिकाला अजून अवकाश. अशा वेळी चोया नावाच्या झुडपावर कळ्या धरतात. चोयाइतकं काटेरी झाड क्वचितच असेल. फांदीला ओझरता धक्का लागला तरी तिचा तुकडा अंगाला चिकटून येतो. फूल उमलण्याच्या आधी, कळी घट्ट मिटलेली असतानाच ती तोडायची. सग्वारो कॅक्टसच्या लाकडी पट्ट्यांचा चिमटा करून त्यात कळी धरायची आणि पिरगाळायची. टोपली भरली की कळ्या जाळीवर किंवा खडीवर घालून झाडणीने पुन्हा पुन्हा घोळवायच्या, काटे तुटून खाली पडतात. पूर्वी जमिनीत खड्डा खणून त्यात दगड तापवायचे, खारट पानांच्या झुडपाचे थर देत कळ्या मांडायच्या आणि वरून माती लोटून रात्रभर शिजू द्यायच्या. आता पुष्कळ घरांत त्या उकडतात. मग उन्हात वाळवल्या की त्या आक्रसून खड्यासारख्या कडक होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. लागतील तेव्हा भिजत घालून शिजवायच्या.

दुसरा हंगाम जूनच्या अखेरीचा. या वाळवंटालाही मॉन्सून आहे, आणि तोही जुलैच्या तोंडावर येतो. त्याआधीचे आठवडे वर्षातले सर्वांत कोरडे आणि जाळणारे. नेमक्या तेव्हा सग्वारोची फळं पिकतात. सग्वारो म्हणजे बारा मीटरपर्यंत, कधी त्याहूनही उंच जाणारा, दीडशे वर्षांहून अधिक जगणारा खांबासारखा कॅक्टस. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. पहिलं फूल यायला 35 वर्षं लागतात आणि बाजूला हात फुटायला 50 ते 75, कोरड्या भागात शंभरही. फळ शेंड्यावर लागतं, तिथे हात पोचत नाही. म्हणून मेलेल्या सग्वारोच्या आतल्या लांब लाकडी पट्ट्या एकमेकींना जोडून काठी करतात आणि टोकाशी आडवी काटकी बांधतात. तिला ते कुइपड म्हणतात. काटकी फळामागे अडकवून वर ढकलायची नाहीतर खाली ओढायची, आणि खाली उभ्या असलेल्याने झेलायचं.

हे सगळं पहाटे, ऊन चढण्याआधी. फळाला वाळलेलं फूल चिकटून असतं, त्याची कड इतकी टणक असते की तिनेच फळाची साल चिरतात, सुरी लागत नाही. अंगठ्याने आतला लाल गर काढून बादलीत टाकायचा. त्यात सुमारे दोन हजार काळ्या बिया. पहिलं फळ तोंडात घालण्याआधी आभार मानतात. रिकामं टरफल कसंही फेकत नाहीत. आतली लाल बाजू आकाशाकडे करून ते झाडाच्या पायाशी ठेवतात, पावसाला बोलावणं म्हणून.

मुक्कामावर गर पाण्यात कालवून उकळतात आणि गाळतात. चोथा-बिया उन्हात वाळवून बिया वेगळ्या काढतात, त्या भाजून कुटून खाल्ल्या जातात. रस मंद आचेवर आटवत आटवत त्याचा काळपट पाक होतो. त्यातला काही पाक घरोघरून गोळा होतो, समारंभाच्या गोल घरात पाण्याबरोबर आंबवला जातो आणि गाणी म्हणत सगळे मिळून तो पितात. जमिनीने पाणी पिऊन तृप्त व्हावं तसं माणसाने हे पेय पिऊन तृप्त व्हायचं, म्हणजे ढग येतात, अशी श्रद्धा. ओओधम लोकांचं नवीन वर्ष इथून सुरू होतं. पाऊस आला की पेरणी.

विसाव्या शतकात ही घडी विस्कटली. माणसं कापसाच्या शेतांवर मजुरीला गेली, मुलं दूरच्या निवासी शाळांत गेली, घरात सरकारी पुरवठ्याचा मैदा, साखर आणि चरबी आली. साठच्या दशकाआधी जो मधुमेह या लोकांत अपवादाने दिसे तो आता सुमारे निम्म्या प्रौढांना आहे. 1996 साली सुरू झालेल्या तोहोनो ओओधम कम्युनिटी अ‍ॅक्शन या संस्थेने रानातलं आणि शेतातलं जुनं अन्न पुन्हा ताटात आणायला घेतलं, त्यात चोयाच्या कळ्या आणि सग्वारोचा पाक होता. कळीतली तीच बुळबुळ, जी झाडाचं पाणी धरते, ती माणसाच्या रक्तात साखर एकदम चढू देत नाही. मला यातली न्यायाची बाजू महत्त्वाची वाटते. ज्यांचं खाणं मागासलेपणाची खूण म्हणून हिणवलं गेलं, त्यांच्याकडेच आज त्यांच्या सर्वांत मोठ्या दुखण्यावरच्या उपायाचा एक भाग आहे.

झाडं मात्र टिकायला हवीत. अ‍ॅरिझोनात सग्वारो तोडणं किंवा परवान्याविना हलवणं हा गुन्हा आहे. टूसॉन शहराजवळच्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानात ओओधम कुटुंबं आजही फळं काढायला येतात. खरा धोका कुऱ्हाडीचा नाही, आगीचा आहे. सग्वारोचं रोप उन्हात एकटं जगत नाही, पालो वेर्दे किंवा मेस्कीटच्या सावलीत ते पहिली वर्षं काढतं. या वाळवंटात झाडं सुटीसुटी, मधली जमीन उघडी, म्हणून आग पसरत नसे आणि सग्वारोला आगीपुढे टिकण्याची कधी गरजच पडली नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अमेरिकेने चाऱ्यासाठी बफेल गवत आणलं. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातलं हे गवत म्हणजे आपलं अंजन. आपल्याकडे कुरणासाठी ते मुद्दाम पेरतात, तिथे गेलं ते बियाणं आफ्रिकेतलं. सोनोरात ते झाडांमधल्या उघड्या जागा भरत गेलं, वाळलं की पेट घेऊ लागलं, आणि जळाल्यावर मुळांतून पुन्हा फुटू लागलं. सग्वारोला ते जमत नाही. टूसॉनच्या आसपास हिवाळ्यात स्वयंसेवक पहारी घेऊन खडकाळ उतारांवर चढतात, अंजनाची ठोंबं मुळासकट उपटतात आणि बी पडू नये म्हणून पिशव्यांत भरतात. जमिनीत पडलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एकदा साफ केलेल्या उतारावर पुढच्या पावसानंतर पुन्हा जावं लागतं.